मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच? ऊसट्रॉलीच्या एका अपघातात दोष कसा ठरतो

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. गळीत हंगामात ऊसपट्ट्यात जसे अपघात होतात आणि दाव्यात जे मुद्दे हमखास निघतात, ते एका घटनेत गुंफून मांडले आहेत. पक्षकार काल्पनिक आहेत, कायदा आणि हिशेब मात्र खरा.

घटना

डिसेंबर २०२४, रात्रीचे साडेनऊ. सांगली जिल्ह्यातला दुपदरी राज्यमार्ग, डांबर सात मीटर रुंद, रस्त्यावर दिवे नाहीत. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरला उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या. मागच्या ट्रॉलीचा डावा टायर फुटला. साइडपट्टी खचलेली, ट्रॉली कलंडेल या भीतीनं चालकानं ती पूर्ण खाली उतरवलीच नाही. ट्रॉलीचा साधारण १.६ मीटर भाग डांबरावर राहिला. मागं दोन दगड ठेवून, थोडं पाचट टाकून चालक जॅक आणायला गेला. ट्रॉलीला टेललाइट नाही, मागं रिफ्लेक्टर नाही, आणि जो काय लाल रंग होता तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली (उसाचे हिरवे शेंडे) झाकलेला.

अर्ध्या तासात मागून एक कार आली. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर होते. कार थेट ट्रॉलीखाली घुसली. कार स्वतःच्या मालकीची, चालवणारा ३४ वर्षांचा, खासगी कारखान्यात महिना ३०,००० रुपयांवर कामाला, जागीच गेला. घरात पत्नी, दोन मुलं, आई. शेजारी बसलेला २९ वर्षांचा मित्र गवंडीकाम करणारा. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. त्यानं सीटबेल्ट लावलेला नव्हता.

आणखी दोन गोष्टी. मृताच्या परवान्यावर फक्त गिअरची मोटारसायकल होती, कारची नोंद नव्हती. कारचा विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे इतरांच्या नुकसानीपुरता.

पहिला धोका: फिर्याद

रात्रीच गुन्हा नोंदला गेला तो मृत कारचालकावर: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) आणि १०६(१) (निष्काळजीपणानं मृत्यू). ‘मागून धडकला, म्हणजे अंतर ठेवलं नाही’ हा ठाण्यातला नेहमीचा हिशेब. आरोपीच हयात नाही म्हणून पुढं अबेटेड समरी (आरोपी मेल्यानं तपास बंद केल्याचा अहवाल) जाते आणि कागद बंद होतो. कुटुंबाला वाटतं, गुन्हा मिटला. प्रत्यक्षात दाव्याच्या मुळावर घाव बसलेला असतो, कारण जो स्वतःच पूर्णपणे दोषी ठरतो त्याच्या वारसांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली काहीही मिळत नाही.

भरपाईचा दावा ऐकणारं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फौजदारी निष्कर्षाला बांधील नसतं. तिथं ‘संशयातीत’ पुरावा लागत नाही, जे जास्त संभाव्य ते धरलं जातं. फिर्याद मृताविरुद्ध असली तरी दावा जिंकता येतो, पण ती खोडण्याचं काम मग कुटुंबाच्या अंगावर येतं. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच तपास अधिकाऱ्याकडं आणि प्रत पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज द्यावा. त्यात ट्रॉली कुठं उभी होती, दिवे आणि रिफ्लेक्टर नव्हते हे नमूद करावं, जखमी मित्राचा जबाब नोंदवण्याची मागणी करावी, आणि ट्रॅक्टरचालकावर १०६(१) व २८५ (सार्वजनिक रस्त्यावर धोका वा अडथळा) लावण्याची विनंती करावी. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नये. पुढं उलटतपासात ‘हे तुम्हाला नंतर सुचलं’ असं म्हटलं की तो शिक्काच उत्तर देतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. वारसांनी या अहवालांच्या प्रती मागून वाचाव्यात. चुकीचं अंतर, चुकीची दिशा इथंच कागदावर चढते.

पंचनामा: टक्केवारी इथं ठरते

अशा अपघातात वाहतूक मोकळी करायला ट्रॉली रात्रीच क्रेननं ओढली जाते. पंचनामा सकाळी सातला होतो आणि त्यात लिहिलं जातं, ‘ट्रॉली साइडपट्टीवर उभी दिसून आली.’ या एका वाक्यावर ट्रॅक्टरची विमा कंपनी पूर्ण बचाव उभा करते.

रस्ता मात्र खोटं बोलत नाही. काचेचा चुरा, रेडिएटरचं हिरवट पाणी, ऑइलचा डाग आणि तुटलेल्या धातूनं डांबरात पाडलेला ओरखडा जिथं असतो, तिथंच धडक झालेली असते. या प्रकरणात काच आणि डाग डांबराच्या डाव्या कडेपासून १.२ ते १.६ मीटर आत होते. म्हणजे साइडपट्टीवर उभ्या ट्रॉलीला धडक बसली ही गोष्टच शक्य नाही. पंचनाम्यात ही मापं नसली तरी पहाटे काढलेला फोटो पुरतो, फक्त त्यात मैलाचा दगड, विजेचा खांब किंवा झाड अशी न हलणारी खूण यायला हवी. फोटोची मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत वेळेची नोंद राहत नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता मापांचं गणित. सात मीटर डांबर, म्हणजे एक पदर ३.५ मीटर. ट्रॉलीनं १.६ खाल्ले, उरले १.९. कारची रुंदी सुमारे १.७ मीटर. समोरच्या पदरात ट्रक. म्हणजे जागा होती फक्त कागदावर. ‘त्याला बाजूनं काढता आली असती’ हा बचाव इथंच संपतो.

ट्रॉलीचेही फोटो हवेत, सगळ्यात आधी मागच्या फळीचे. अपघातानंतर दोन दिवसांत तिथं नवा कोरा रिफ्लेक्टर चिकटलेला दिसतो, आणि आरटीओची तपासणी त्यानंतर झाली तर अहवालात ‘रिफ्लेक्टर आहे’ असंच येतं. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि परिवहन विभाग रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, त्यामुळं ‘आम्ही लावलेलाच होता’ हे सहज पटून जातं. उसाच्या वाढ्यांखाली झाकला गेलेला रिफ्लेक्टर नसल्यातच जमा आहे, हे साक्षीत स्पष्ट आणावं.

कारखान्याची काटापावती (ऊस वजनाची पावती) आणि तोडणी-वाहतुकीचा करारही मिळवावा. ट्रॅक्टर कोणाचा, त्या दिवशी कोणाच्या कामावर होता, कोणत्या क्रमांकाच्या ट्रॉल्या जोडल्या होत्या, हे त्यावरून पक्कं होतं. मागची ट्रॉली बदलून दुसरीच पुढं करण्याचा खटाटोप होतो, तो यानं थांबतो.

ट्रॅक्टरवाल्याची चूक

मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं: इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक जागी उभं ठेवायचं नाही. कलम १२६ चालकाविना वाहन सोडून जाण्याबद्दल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०४ मागच्या लाल रिफ्लेक्टरचा, नियम १०९ रस्त्यावर उभ्या वाहनाच्या पार्किंग दिव्यांचा. टायर फुटणं ही चूक नाही, ते कोणाचंही होतं. चूक त्यानंतरच्या अर्ध्या तासातली आहे. ट्रॅक्टर चालू स्थितीत होता, त्याचे दिवे लागत होते. दोन्ही ट्रॉल्या तशाच ओढून थोडं पुढं एखाद्या बांधाच्या वाटेवर घेता आलं असतं, टायर गेला तरी. ते जमत नसेल तर बरंच मागं एका माणसाला दिवा घेऊन उभं करता आलं असतं. दगड आणि पाचट हा इशारा नव्हे. कारच्या दिव्यात ते दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते, आणि दगड स्वतःच आणखी एक धोका.

चालकानं जबाबात सांगितलं की एक पोरगं बॅटरी घेऊन उभं होतं. ते पोरगं कोण, हे पंचनाम्यात नाही, दोषारोपात नाही, साक्षीदारांच्या यादीत नाही. सहभागी निष्काळजीपणा (अपघातात मृताचीही चूक होती असं म्हणणं) जो मांडतो त्यानंच तो सिद्ध करायचा असतो. विमा कंपनीनं चालकाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभंच केलं नाही, तर न्यायाधिकरण त्याचा अर्थ कंपनीविरुद्ध काढू शकतं. वारसांच्या वकिलानं युक्तिवादात हे ठासून मांडायला हवं, कारण बऱ्याच प्रकरणांत कंपनी फक्त लेखी कैफियतीवर भागवते.

कारचालकाची चूक: वेगाचा हिशेब

आता दुसरी बाजू, आणि ती प्रामाणिकपणे तपासली पाहिजे. दुपदरी रस्त्यावर कारची केंद्रीय कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे (२०१८ ची अधिसूचना, राज्य ती कमी करू शकतं). समोरून वाहन आल्यानं हेडलाइट खाली केलेला. अशा दिव्यात साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतच नीट दिसतं.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा: ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे ३६ मीटर. एकूण ६९ मीटर. ताशी ६० असेल तर २५ आणि २०, एकूण ४५. म्हणजे ८० नं येणारा माणूस दिव्याच्या टप्प्यात थांबूच शकत नव्हता, ६० नं येणारा कदाचित थांबला असता. हे ‘कदाचित’च टक्केवारीत उतरतं.

पण वेग ८० होता हे सिद्ध कसं करणार? कंपनी दोन गोष्टी पुढं करते: कार किती आत घुसली, आणि ब्रेकच्या खुणा नाहीत. पहिल्या मुद्द्यात दम कमी आहे. ट्रॉलीची फळी बोनेटच्या वर असते, त्यामुळं कारचा चेपणारा पुढचा भाग धक्का झेलतच नाही, सगळा मार काचेवर आणि छतावर येतो. मध्यम वेगातही असा चुराडा होतो. ब्रेकच्या खुणांबद्दल बोलायचं तर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या कारच्या खुणा ठळक उमटत नाहीत. शिवाय खुणा नसणं म्हणजे त्याला अडथळा दिसलाच नाही असाही अर्थ होतो, आणि तो ट्रॉलीवाल्याच्या विरोधात जातो. एअरबॅग उघडलेल्या काही गाड्यांच्या नियंत्रण यंत्रात धडकेआधीचा वेग साठतो. कार भंगारात काढण्याआधी हे तपासून घ्यावं, मग निकाल कोणत्याही बाजूनं जावो.

इथं कायदा वारसांच्या बाजूनं बराच सरकला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातून आलेल्या प्रकरणात, रस्त्यात कोणत्याही इशाऱ्याविना सोडलेल्या ट्रकवर आदळलेल्या कारचालकाच्या माथी मारलेला ५० टक्के दोष रद्द केला. ‘मागून धडक म्हणजे निम्मी चूक’ हा सरधोपट हिशेब त्यामुळं चालत नाही. तरी आपल्या प्रकरणात मित्राच्या जबाबात वेग ‘सत्तर-ऐंशी’ असा आलेला आहे. तो तसाच राहिला तर २० ते २५ टक्के दोष लागण्याची शक्यता खरी आहे. ट्रॉलीची जागा मापांनिशी सिद्ध झाली आणि चालक साक्षीला आलाच नाही, तर शून्यासाठी भांडायला भक्कम आधार आहे.

परवाना आणि सीटबेल्ट

कारचा परवाना नव्हता, हा कंपनीचा सगळ्यात आवडता मुद्दा. दंडाला तो पुरेसा आहे, दोषाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ पासून हे सांगितलं आहे: परवाना नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. जानेवारी २०२० मध्ये एका मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात न्यायालयानं कसोटी स्पष्ट केली: नियमभंगामुळं अपघात झाला, किंवा त्या नियमभंगामुळं इजा वाढली, हे दाखवावं लागतं. नुसता नियमभंग पुरत नाही.

ही कसोटी सीटबेल्टला लावा. मित्राच्या बेल्टचा अपघात होण्याशी संबंध नाही. इजेशी आहे का, हे डॉक्टरच सांगणार. मांडी डॅशबोर्ड आत येऊन मोडली असेल तर बेल्टनं फारसा फरक पडला नसता, डोकं काचेवर आपटलं असतं तर गोष्ट वेगळी. म्हणून अस्थितज्ज्ञाला साक्षीत हा प्रश्न थेट विचारावा आणि डॅशबोर्ड किती आत आला ते आरटीओच्या अहवालातून आणावं.

परवान्याचा फटका दुसरीकडून बसतो. मालक-चालकासाठी १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो, त्याला वैध परवान्याची अट असते. इथं तो दावा बहुधा फेटाळला जाईल. एकच नियमभंग न्यायाधिकरणात निरुपयोगी आणि विमा कंपनीच्या टेबलावर निर्णायक.

दोन दावे, दोन वेगळे नियम

वारसांच्या दाव्यात मृताचा दोष वजा होतो. हा सहभागी निष्काळजीपणा. मित्राच्या दाव्यात गणित बदलतं. तो गाडी चालवत नव्हता, त्याचा दोष शून्य. त्याच्यासाठी ट्रॅक्टरचालक आणि कारचालक दोघं मिळून दोषी, हा संयुक्त निष्काळजीपणा. २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे त्याला पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते. इथं ते फार मोलाचं आहे, कारण कारचा विमा नुसता थर्ड पार्टी असल्यानं आतल्या प्रवाशाला त्यात संरक्षण नाही (पॅकेज पॉलिसीत असतं). पैसा आहे तो ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडं.

गुंता पुढं आहे. मित्रानं पोलिसांना ‘गाडी सुसाट होती’ असं सांगितलं तर त्याच्या स्वतःच्या रकमेत पैशाचाही फरक पडत नाही, पण मृताच्या घरच्यांचे काही लाख जातात. शिवाय ट्रॅक्टरची कंपनी मित्राला पूर्ण रक्कम देऊन कारचालकाच्या वाट्यापुरती वसुली त्याच्या वारसांवर, मिळालेल्या मालमत्तेपुरती, काढू शकते. म्हणून दोन्ही दावे एकाच न्यायाधिकरणासमोर एकत्र चालवून घ्यावेत. दवाखान्यात पहिल्या रात्री गुंगीत दिलेला जबाब आणि शुद्धीवर आल्यावरचा जबाब वेगळा असेल तर त्याचं कारण केसपेपरसह सांगावं. वेग फुगवून किंवा दडवून सांगू नये. एमएलसी रजिस्टरमधली (दवाखान्यातली पोलीस प्रकरणांची नोंदवही) ‘अपघात कसा झाला’ ही ओळ विरोधी वकील हमखास उघडतो.

रकमा

वारसांचा हिशेब ‘सरला वर्मा’ (२००९) आणि ‘प्रणय सेठी’ (२०१७) या निकालांवर चालतो. पगार ३०,०००, नोकरी कायम नसल्यानं भविष्यवाढ ४० टक्के (कायम असती तर ५०): ४२,०००. अवलंबित चार, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: ३१,५००. वर्षाला ३,७८,०००. वय ३४ ला गुणक (वार्षिक रकमेला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) १६: ६०,४८,०००. पती, पिता आणि मुलगा गमावल्याच्या सहवासाचे प्रत्येकी ४८,४०० चौघांना, म्हणजे १,९३,६००. मृताच्या संपत्तीचं नुकसान आणि अंत्यविधी प्रत्येकी १८,१५०. एकूण ६२,७७,९००.

२५ टक्के दोष लागला तर १५,६९,४७५ गेले, हाती ४७,०८,४२५. पन्नास टक्के लागला तर ३१,३८,९५०. पंचनाम्यातल्या एका मापाची किंमत ही आहे.

पगाराचा पुरावा म्हणून पगारपत्रकं, बँकेचं खातं आणि मालकाची साक्ष लागते. नुसतं लेटरहेडवरचं पत्र उलटतपासात टिकत नाही.

मित्राची कमाई महिना १८,००० सिद्ध झाली असं धरू. भविष्यवाढीसह २५,२००, वर्षाला ३,०२,४००, वय २९ ला गुणक १७: ५१,४०,८००. दाखल्यावर पायाचं अपंगत्व ३० टक्के लिहिलेलं असेल तर ते पायाचं आहे, संपूर्ण शरीराचं नव्हे. न्यायाधिकरण बघतं की कमाई किती घटली. परांचीवर चढू न शकणारा गवंडी आणि खुर्चीवर बसणारा कारकून यांना तेच हाड सारखं नडत नाही. कमाईची घट २० टक्के धरली तर १०,२८,१६०, त्यावर औषधपाणी, वेदना, कामाचे बुडालेले महिने वेगळे. इजेच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही.

मुदत, सापळे, विमा कंपनीचा शेवटचा बचाव

कलम १६६(३) प्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत, म्हणजे इथं जून २०२५ पर्यंत. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर एक दिवसही थांबू नये. दावा अपघाताच्या ठिकाणी, स्वतः राहतो तिथं किंवा प्रतिवादी राहतो तिथं लावता येतो.

कंपनीचा माणूस घरी येऊन कलम १६४ खालचे मृत्यूचे पाच लाख ‘लगेच’ देऊ करतो. तिथं कोणाची चूक हे बघितलंच जात नाही, म्हणून ते सोपं वाटतं. ते स्वीकारलं की कलम १६६ चा दावा संपतो. ज्याच्याकडं दोषाचा पुरावा अजिबात नाही त्याला तो मार्ग ठीक आहे. या कुटुंबाकडं पुरावा आहे.

शेवटी कंपनी म्हणते, मागच्या ट्रॉलीचा क्रमांक पॉलिसीत नाही, आणि पॉलिसी शेतीच्या वापराची असताना ट्रॅक्टर भाड्यानं ऊस ओढत होता. पॉलिसीची पूर्ण प्रत मागवून ट्रॉलीचा वेगळा हप्ता भरलाय का ते पाहावं. असा भंग दिसला तर न्यायाधिकरणं पुष्कळदा ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात, म्हणून ट्रॅक्टरमालकाला पक्षकार करणं कधीही टाळू नये. निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस आहेत, आणि टक्केवारीवरच्या अपिलात सगळ्यात आधी काढला जातो तो तोच पंचनामा आणि त्यातली मापं.